लाल गोल

लातूर, औसा रोड
रविवार, सकाळ

चि. ओंकार यास,


तुझी रील पाहिली. मामीनं दाखवली, आणि तिच्या आधी गल्लीतल्या तिघांनी मला पाठवली होती. एक बाई आणि तिची दोन लेकरं आठ दिवस झाले घरी नाहीत, नवरा म्हणतो मला माहीत नाही, आणि तू खाली ठळक अक्षरात लिहिलंस : 'नवऱ्यानंच काटा काढला?' पुढं प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, असं तुला वाटलं असणार. तुला रागवायला हे पत्र लिहीत नाही. फोनवर बोललो असतो तर रागावलो असतो, म्हणून लिहितोय.

रील मी दोनदा पाहिली ती एका गोष्टीसाठी. चौघांचा जत्रेतला फोटो घेतलास, नवऱ्याच्या तोंडाभोवती लाल गोल काढलास आणि बाई-लेकरांचे चेहरे धूसर केलेस. लेकरांचे चेहरे दाखवू नयेत असं कुणी तरी तुला सांगितलं असेल. पण बाबा, हरवलंय कोण? ती बाई उद्या परभणीच्या स्टँडवर तुझी रील बघणाऱ्याशेजारी येऊन बसली, तर तो तिला ओळखणार कसा? त्याला ओळखता येईल तो नवरा, आणि तो तर घरीच आहे.

मी पोलीस ठाण्यात असताना शेवटची अकरा वर्षं मिसिंगचं रजिस्टर माझ्याकडं होतं. माणूस हरवल्याची खबर द्यायला नवरा आला की बाकड्याच्या अगदी कडेला बसतो. हातात रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नाच्या अल्बममधून उपसलेला फोटो. आपण वर्णन विचारत जायचं. उंची? अंगावर काय होतं? साडीचा रंग? इथं तो अडतो. हिरवी म्हणतो, मग म्हणतो नाही, पोपटी. नवीन शिपाई लगेच एकमेकांकडं बघतात, की याला बायकोच्या साडीचा रंग सांगता येईना म्हणजे दाल में काला. पहिल्यांदा मीही तसंच बघितलं. त्या रात्री जेवताना डोळे मिटले आणि समोर वाढणाऱ्या तुझ्या मामीच्या अंगावर कुठली साडी आहे ते आठवून बघितलं. नाही आठवली. तिला हे सांगू नको.

नवऱ्यावर संशय घ्यायचाच नाही, असं मी म्हणत नाही. आम्ही घ्यायचो. पहिला जबाब त्याचाच, कारण शेवटचं कुणी पाहिलं, भांडण झालं का, दागिने जागेवर आहेत का, हे त्यालाच विचारावं लागतं. पण आमच्या संशयाला स्टेशन डायरीत नोंद लागायची, खाली सही लागायची, आणि वर साहेब विचारायचे, कशावरून? पोलिसापुढं दिलेली कबुली तर कायदा कोर्टात पुरावा म्हणून धरतच नाही. पोलीस काय काय करून घेऊ शकतात हे कायदा करणाऱ्याला माहीत होतं. इतका अविश्वास आमच्यावर, आणि तो बरोबर होता. तुझ्यावर असा अविश्वास दाखवायला कुणी साहेब नाही.

अंदाजाचं म्हणशील तर माझाच हिशेब ऐक. एकजण रजिस्टरवर सही करताना ओक्साबोक्शी रडला. मी त्याला माझ्या पैशानं चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. तीन आठवड्यांनी विहिरीतून जे वर आलं त्यावरून तोच आत गेला. दुसरा एक दगडासारखा कोरडा होता, विचारलं तेवढंच बोलायचा. यानं मारलं, असं सगळं गाव म्हणत होतं आणि मलाही मनातून तसंच वाटत होतं. त्याच्या हॉटेलात चहा प्यायला कुणी येईना, भाचीची ठरलेली सोयरीक मोडली. पाच महिन्यांनी बायको निजामाबादला बहिणीकडं विड्या वळताना सापडली, लेकरू शेजारच्या शाळेत. दारूपायी घर सोडलं म्हणाली. म्हणजे तो काही देवमाणूस नव्हता. खुनी मात्र नव्हता. ते हॉटेल नंतर परत उघडलं नाही.

तुला आपल्याकडचीच एक गोष्ट आठवत असेल. 2023 चा जानेवारी. मूळची बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली माणसं, पोटासाठी पारनेर तालुक्यात निघोजला राहिलेली. 17 तारखेला हे कुटुंब तिथून निघालं आणि दुसऱ्या दिवसापासून दौंड तालुक्यात पारगावजवळ भीमेच्या पात्रात एकेक मृतदेह मिळायला लागला. नवरा-बायको, लेक, जावई, आणि शेवटी 24 तारखेला तीन लहान नातवंडं. सात जण. पहिले काही दिवस एकच कथा सगळीकडं फिरली : घरातल्या मुलानं नात्यातली बाई पळवून नेली, त्या बदनामीपायी सगळ्यांनी जीव दिला. कथा पोलिसांनाही पटली होती, मग इतरांना का नाही पटणार? त्या मुलाला आणि त्या बाईला लोकांनी मोबाईलवर काय काय म्हणून घेतलं ते मी वाचलंय. पुढं पोलिसांनी त्या कुटुंबाच्याच चुलतभावंडांना धरलं, पाच जणांना. आधी झालेल्या एका अपघाती मृत्यूचा सूड म्हणून सातही जणांना नदीत टाकलं, असा आरोप ठेवला. खरं-खोटं कोर्ट ठरवील. पण आत्महत्येची कथा पक्की धरून ते सात पंचनामे फायलीत बांधले गेले असते तर? अब्रूपायी जीव दिला, हे आपल्याकडं चटकन पटतं. आपणच तशी पुष्कळ उदाहरणं तयार करून ठेवलीत.

नोएडाच्या आरुषी प्रकरणात त्याहून विचित्र झालं. 16 मे 2008 ला मुलीचा मृतदेह मिळाला, घरातला नोकर दिसत नव्हता, म्हणजे नोकरानंच केलं. पोलीस त्याच्या शोधात, बक्षीस जाहीर, टीव्हीवर दिवसभर त्याचंच नाव. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर निघाला. गच्चीला कुलूप होतं आणि आदल्या दिवशी ते कुणी उघडलंच नव्हतं. गुन्हेगार ठरला होता ना! नंतर सगळ्या देशाची बोटं आईबापाकडं वळली. त्यांना जन्मठेप झाली आणि 2017 मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं सोडलं.

तू म्हणशील, मामा, ते मेघालयाचं? इंदूरचं नवं जोडपं, तिथं तर बायकोच निघाली. 'निघाली' नको म्हणू, तिच्यावर आरोप आहे. आणि आठवून बघ, 2025 च्या मे महिन्याच्या 23 तारखेला ते दोघं बेपत्ता झाले तेव्हापासून 9 जूनला ती गाझीपूरला सापडेपर्यंत लोक काय करत होते? तिथल्या माणसांना लुटारू म्हणत होते. नवऱ्याचा मृतदेह 2 जूनला दरीत मिळाला तेव्हा तर त्या शिव्यांना ऊत आला. ती सापडल्यावर तीच माणसं म्हणाली, आम्हाला आधीच वाटलं होतं.

आता तुझी बाजू. परवा आक्काशी बोलताना तू म्हणालास म्हणे, की आवाज उठवला नाही तर पोलीस हलतच नाहीत. हे खरं आहे, आणि मी नाही म्हणालो तर तुला हसू येईल. गरिबाची बाई हरवली की 'येईल दोन-चार दिवसांत, पाहुण्यात बघा' असं सांगून परत पाठवायचं, हे मीही केलंय. एका बापाला तीनदा पाठवलं. त्याच्या चपलांचा आवाज मला अजून ओळखता येईल.

तर उठव आवाज. पण विचारायचं काय ते माझ्याकडून शिक. मिसिंगची नोंद झाली का, नंबर काय? लेकरं अठराच्या आतली आहेत, मग त्यांच्यासाठी अपहरणाचा गुन्हा दाखल झाला का? सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच ते सांगून ठेवलंय. शेजारच्या जिल्ह्यांना आणि तिकडं बिदर, निजामाबादला संदेश गेला का? फोनचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, मागवले का? स्टँडवरच्या आणि गंजगोलाईतल्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं फुटेज काढून घेतलं का? हे सगळ्यात आधी विचार, कारण डीव्हीआर भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, आणि आजच आठ दिवस झालेत. असे प्रश्न रोज कॅमेऱ्यासमोर विचारलेस तर ठाण्यातला कितीही आळशी माणूस उठून बसेल. 'काटा काढला का' या प्रश्नानं उलट त्याचं काम सोपं होतं. तो म्हणतो, लोकही नवऱ्याचंच नाव घेतायत, आता स्टँडवर कशाला जायचं?

ती रील आज काढ. तिला किती लोकांनी पाहिलं हा आकडा मला सांगू नको. त्या माणसाच्या आईला मी ओळखतो, मंगळवारी तिच्याकडं जाणार आहे. तू सोबत आलास तर बरं होईल, पण मोबाईल खिशात ठेवायचा.

दुसरी रील करायची असेल तर अशी कर. फोटो बाईचा आणि लेकरांचा, स्वच्छ. तिच्या माहेरच्यांना आणि तपासी अंमलदाराला विचारूनच. नावं, वयं, उंची. पायात चप्पल की बूट. बाई मराठी बोलते की तेलुगूही येतं. धाकट्याच्या हनुवटीवर व्रण आहे असं त्याची आजी सांगते, तो बाकीचं काही बदललं तरी बदलत नाही, म्हणून तो मोठ्यानं सांग. शेवटचं कुठं, किती वाजता दिसली. खाली नंबर ठाण्याचा, 112 आणि लेकरांसाठी 1098. स्वतःचा नंबर देऊ नको, नाही तर रात्रभर दारुड्यांचे फोन येतील.

आक्काला सांग, गुडघ्याचं तेल मिळालं, पण बाटलीचं झाकण सैल होतं, पिशवीतली तूरडाळ सगळी तेलकट झाली. मामी म्हणते वरणात चालेल.

तुझा,
मामा