पंप आधी की गाडी आधी?

समजा, एका वाडीत पिठाची गिरणी नाही. गिरणीवाला म्हणतो, "दळण किती येईल ते आधी सांगा, मग गिरणी घालतो." लोक म्हणतात, "आधी गिरणी तर येऊ दे, मग दळण आणतो." दोघांचेही खरे. पण दोघेही असेच अडून बसले, तर वाडीत गिरणी कधीच व्हायची नाही.

हायड्रोजनच्या मोटारींचे असेच झाले आहे. हा पेच आपण समजून घेऊ. कारण तो सोडवायला जो पैसा लागतो, त्यात तुमचा-आमचाही वाटा असतो.

हायड्रोजन हा एक वायू आहे. पाणी हे हायड्रोजन आणि प्राणवायू यांचे बनलेले असते. मोटारीच्या टाकीत हायड्रोजन भरतात. गाडीतल्या यंत्रात तो हवेतल्या प्राणवायूला मिळतो. त्यातून वीज तयार होते आणि विजेवर गाडी पळते. मागच्या नळीतून धूर येत नाही, पाणी येते. टाकी पाचेक मिनिटांत भरते. ऐकायला किती छान!

मग अडते कुठे? अडते पंपावर. हा वायू फार हलका. टाकीत मावावा म्हणून तो हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट दाबून भरावा लागतो. त्याला भक्कम टाक्या लागतात, दाब देणारी आणि थंड करणारी यंत्रे लागतात. अमेरिकेत असा एक पंप उभारायला वीस लाख डॉलर किंवा त्याहून जास्त खर्च येतो. पंपवाला म्हणतो, "गिऱ्हाईक नाही, पंप कशाला घालू?" गिऱ्हाईक म्हणते, "पंप नाही, गाडी कशाला घेऊ?"

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने हा पेच सोडवायचे ठरवले. २०१३ साली तिथे कायदा झाला. निदान १०० पंप होईपर्यंत दर वर्षी २ कोटी डॉलरपर्यंत रक्कम सरकारने द्यायची, असे ठरले. हा पैसा आला कुठून? गाड्यांच्या नोंदणीवर थोडी जादा फी होती, अशा फीमधून तो आला. म्हणजे ज्याने हायड्रोजनची गाडी कधी पाहिलीही नाही, त्यानेही थोडे थोडे पैसे दिले.

पुढे काय झाले? दहा वर्षे गेली, तरी चालू पंप शंभराच्या निम्म्याच्या आसपासच होते. कधी यंत्र बिघडे, कधी वायूच येत नसे. २०२३ साली काही पंपांवर एका किलोचा भाव ३६ डॉलरपर्यंत चढला. पूर्वी तो याच्या निम्म्याहून कमी होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल कंपनीने त्या राज्यातले मोटारींसाठीचे आपले सर्व हायड्रोजन पंप बंद केले. ज्यांनी हौसेने गाड्या घेतल्या, त्यांना टाकी भरायला लांब लांब जावे लागले.

मग सरकारने पैसा द्यायचाच नाही का? तसे नव्हे. नव्या कामाला पहिला पैसा कोणीतरी घालावाच लागतो. गावची विहीरही वर्गणीशिवाय होत नाही. पण विहीर कुठे खणायची, हे आधी पाहावे लागते.

आपल्या देशाचे पाहू. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. तिच्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठरवले. 'हरित' का? आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून काढतात. त्यात धूर होतोच, फक्त तो गाडीऐवजी कारखान्यात होतो. ऊन-वाऱ्याच्या विजेने पाण्यापासून काढला, तर तो हरित.

मार्च २०२५ मध्ये या मोहिमेतून ३७ बस व ट्रक आणि ९ पंप यांच्या चाचणीला मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे २०८ कोटींची मदत ठरली. ठरलेल्या मार्गांत आपला पुणे-मुंबई मार्गही आहे. यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. बस आणि ट्रक ठरलेल्या वाटेने ये-जा करतात. एस.टी. कशी फिरून डेपोतच येते, तसे. त्यामुळे थोडे पंप पुरतात आणि रोजचे गिऱ्हाईक आधीच कळते. खासगी मोटार मात्र कुठेही जाते. तिला जागोजागी पंप हवा.

मी शाळेत हिशेब शिकवताना मुलांना सांगत असे, की "सरकारने पैसे दिले" असे लिहू नका, "लोकांनी सरकारमार्फत दिले" असे लिहा. पैसा लोकांचा, म्हणून विचारायचा हक्कही लोकांचा. काय विचारायचे?

१. याचा रोज वापर किती जण करतील?
२. माल कुठून येणार आणि भाव किती पडणार?
३. बिघडले, तर दुरुस्तीचा खर्च कोणाकडे?

हे प्रश्न हायड्रोजनच्या पंपालाच लागू आहेत असे नाही. गावात पाण्याची टाकी यायची असो की सौर दिवे, ग्रामसभेत हेच विचारा. आता तुम्हाला वाचता येते. जमाखर्चाचा कागद मागा आणि स्वतः वाचा.

उत्तरे सांगा

१. पंपवाला आणि गिऱ्हाईक एकमेकांची वाट का पाहतात?
२. कॅलिफोर्नियात पंपांसाठी पैसा कोणी दिला?
३. बस-ट्रकांना थोडे पंप का पुरतात?
४. तुमच्या गावात सार्वजनिक पैशाने झालेले एक काम सांगा. ते आज चालू आहे का?