आजींच्या गालावरचा पिस्ता

डिसेंबर सरता सरता दिल्लीत सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून 38 अंशच वर येतो. जूनमध्ये तोच 85 अंशांवर, थेट टाळूवर असतो. म्हणून घरात कुणाची मुलाखत चित्रित करायची तर हिवाळा गाठावा. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं. मयूर विहारच्या एका डीडीए फ्लॅटमध्ये, पहाडगंजात संसार केलेल्या एका आजींना आम्ही असंच बोलतं केलं. भाड्याचा लाइट एकही नव्हता.

साहित्य: पांढऱ्या थर्माकोलची चार बाय दोन फुटांची शीट, घडीचा फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर (चांदणी चौकात कूचा चौधरीच्या फोटो बाजारात मिळतो), पांढरी चादर, कपड्यांचे चिमटे आणि पाच किलो आट्याची पिशवी.

आधी खोलीतली ट्यूब बंद करा. तिचा रंग उन्हाशी जुळत नाही. बोलणाऱ्याला उन्हाच्या पट्ट्याबाहेर, खिडकी एका बाजूला येईल असं बसवा. आता अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा काळोखात दिसेल. त्या काळोख्या बाजूला, साधारण तीन फुटांवर, थर्माकोल उभं करा. मधली उंची चेहऱ्याइतकी हवी. मांडीवर किंवा जमिनीवर टेकवलंत तर उजेड हनुवटीखालून येतो आणि सात्त्विक माणूसही भुताच्या गोष्टीतला वाटू लागतो. खुर्चीला टेकवून, पायाशी आट्याची पिशवी ठेवा म्हणजे शीट सरकणार नाही.

मग डोळे किलकिले करून बघा आणि शीट हळूहळू जवळ आणा. सावलीतल्या डोळ्याचं बुबुळ दिसू लागलं की थांबा, आणि वीतभर मागे घ्या. नवखा माणूस इथेच हावरटपणा करतो. सावली पार पुसली की सुरकुत्या जातात, आणि आजींच्या चेहऱ्यावर वाचण्यासारखं तेच तर असतं.

आमचं सगळं जागेवर होतं, तरी मॉनिटरवर आजींचा एक गाल हिरवट दिसत होता. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स दोनदा केला. उपयोग शून्य, कारण दुसरा गाल ठीक होता. मग लक्षात आलं, मागच्या बाजूची भिंत पिस्ता रंगाची आहे आणि ऊन तिच्यावर पडतंय. भिंतही रिफ्लेक्टरच, फक्त आपण तिला बोलावलेलं नसतं. पडद्याच्या दांडीला चिमट्यांनी चादर लावली, भिंत झाकली, गाल ताळ्यावर आला.

उजेड कमी पडला तर रिफ्लेक्टरची चंदेरी बाजू काढा, पण चेहऱ्यावर मारू नका. आजी डोळे मिटून घेतील. जमिनीवरच्या उन्हात ती ठेवून झोत छताकडे वळवा. छत पांढरं असेल तर उजेड वरून पसरून, मऊ होऊन खाली येतो. छायालेखक सुब्रत मित्रांनी 1956 च्या ‘अपराजितो’ या चित्रपटात याच तत्त्वावर काम केलं होतं: कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या चौकावर पांढरं कापड ताणलं आणि त्यावरून दिव्यांचा उजेड खाली परतवला. चौकात आभाळाचा उजेड आल्यासारखा वाटतो तो त्यामुळे.

धुकं किंवा धुरकं असेल तेव्हा सगळं उलटं. उजेड चहूकडून सारखा येतो, चेहरा सपाट होतो आणि भरायला सावलीच उरत नाही. अशा दिवशी थर्माकोलच्या जागी रिफ्लेक्टरची काळी बाजू उभी करा. ती उजेड शोषते आणि गालाला उतार परत मिळतो.

दर वीस मिनिटांनी मांडणी तपासा. तेवढ्यात सूर्य पाच अंश सरकलेला असतो. शेवटी रिफ्लेक्टरच्या कडा दोन हातांनी उलट दिशांना पिळून आठाच्या आकड्यासारखा मुडपा, तो आपोआप मिटतो. आणि आट्याची पिशवी स्वयंपाकघरात परत करा, रात्रीच्या पोळ्या त्यातूनच व्हायच्या असतात.