तास नेमका कशाचा?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. बारा वर्षांपूर्वी विमान चालवायला शिकवणं सोडलं. आता स्वतंत्र प्रशिक्षक म्हणून पुन्हा सुरुवात करायची आहे. दर जुनाच ठेवू का?

उत्तर : जुना दर अजिबात सांगू नका. एकदा कमी सांगितलं की वाढवताना जीव जातो. जवळपासच्या विमानतळांवरच्या शाळा प्रशिक्षकापोटी विद्यार्थ्याकडून तासाला किती घेतात, ते विचारा आणि तिथून हिशेब मांडा. विमा, पेट्रोल आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर तुमच्याच खिशातून जाणार आहे.

त्याहून महत्त्वाचं, तास कशाचा धरायचा? विमानातले तास मोजणारा हॉब्ज मीटर बहुतेक विमानांत इंजिन चालू असतानाच पळतो. हवामान समजावताना, पंखाखाली वाकून इंधनाचा नमुना उजेडात धरून दाखवताना, उतरल्यावर चुका उलगडताना तो थांबलेला असतो. माझ्या मते निम्मं शिक्षण तिथेच होतं. म्हणून भेटीपासून निरोपापर्यंतचा वेळ लावा आणि तसं पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा.

परवान्याचंही बघा. १ डिसेंबर २०२४ पासून प्रशिक्षकाच्या परवान्यावर मुदत छापत नाहीत. पण तुमचा त्याआधीच संपला असेल, तर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावीच लागेल. ती झाली की दर पूर्ण घ्या. फक्त सुरुवातीचे काही तास तुमचाच हात बसवण्यात गेले, तर ते विद्यार्थ्याच्या बिलात धरू नका.