वनाची शिल्लक

साकोलीहून उत्तरेकडे निघाले, म्हणजे भाताच्या बांध्या व तळी मागे पडतात आणि काही कोसांतच नागझिऱ्याचे अरण्य लागते. १९७० साली ते अभयारण्य झाले; २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला. लोक येथे वाघ पाहावयास येतात. आज आपण वृक्षांकडे पाहू.

प्रथमदर्शनी सारी झाडी एकसारखी भासते. पण क्षणभर थांबले, की भेद ध्यानात येतो. साग, बिजा आणि मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा ऐन हे सर्वांहून उंच. त्यांच्याखाली तेंदू, चार व आवळा. त्याहून खाली कुडा व धायटी. मधूनमधून बांबूची बेटे. जणू अनेक मजली वाडाच! वरच्या मजल्यावरून निसटलेले ऊन खालचा मजला टिपून घेतो. मुळेही कमीअधिक खोल जातात. म्हणून निरनिराळ्या थरांतील पाणी उपयोगी पडते.

या उन्हाच्या बळावर झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषते व त्यातील कर्ब आपल्या देहात साठविते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कर्बच असतो. वायूचे हवेतील प्रमाण वाढून पृथ्वी तापत असताना ही साठवण फार मोलाची आहे.

मात्र प्रत्येक जातीची साठवण निराळी. काटेसावरीचे लाकूड हलके. त्याच्या आगकाड्या करतात. धावड्याचे लाकूड जड व चिवट. त्याचे कुऱ्हाडीचे दांडे होतात. सारख्याच आकाराच्या दोन ओंडक्यांत धावड्याच्या ओंडक्यातील कर्ब सावरीच्या दुपटीहून अधिक भरतो.

मग एकाच उत्तम जातीचे वन का लावू नये? सागाचे लाकूड टिकाऊ खरे. त्याच्या दारा-खिडक्यांतही कर्ब वर्षानुवर्षे राहतो. परंतु एकाच वेळी लावलेल्या निव्वळ सागाच्या वनाला एकच मजला असतो. पावसाळ्यात अळी पडली, की पानांची चाळण होऊन सारे वन एकदम निस्तेज दिसते. मिश्र वनात एका जातीवर संकट आले, तरी इतर जाती हिरव्या राहतात. शिवाय मोहफुले व तेंदूपाने यांवर या भागातील कित्येक घरांची चूल चालते. ती एकट्या सागापासून कोठून मिळणार?

म्हणून शंभर झाडे तोडून शंभर रोपे लावली, म्हणजे हिशेब मिटला असे नव्हे. रोपांना वृक्ष होण्यास कित्येक दशके लागतात आणि हरवलेल्या जाती आपोआप परत येतातच असे नाही. वनाची शिल्लक झाडांच्या संख्येवरून कळत नाही. कोणती झाडे एकमेकांच्या सोबतीने उभी आहेत, हे पाहावे लागते.

अभ्यास

१. वनाला अनेक मजली वाड्याची उपमा का दिली आहे?
२. धावडा व काटेसावर यांच्या लाकडांतील भेद सांगा.
३. आपल्या गावाजवळील दहा वृक्षांची नावे, उंची व उपयोग यांची नोंद करा.