तिसऱ्या पाळीतली तलफ

चाकण एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याला भूक आणि तलफ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. भूक लागली की शिळी भाकरीही गोड लागते. तलफ आली की भाकरी समोर असली तरी हात बिस्किटाकडेच जातो.

पहाटे तीनच्या सुमारास लाइनवर चहाची ट्रॉली येते. कागदी कपात साखरेचा पाक झालेला चहा, सोबत पाच रुपयांचा पुडा. बिस्किट चहात बुडवलं की चावायचंही काम उरत नाही, पुडा दोन घोटांत संपतो. तासाभरात पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटतं. पाळी सुटल्यावर बसस्टॉपवर वडापाव, रूमवर खारी नाहीतर फरसाण आणि मग झोप. दुपारी उठावं तर पोट जड, जेवणावर वासना नाही. रात्री पुन्हा तोच फेरा. वार्षिक तपासणीत रक्तातली साखर दाखवणारं माझं एचबीएवनसी 6.1 निघालं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वय तिशीच्या आत आणि काम उभ्याने, तरीही.

पुडा नुसता बंद करून भागत नाही. पोट रिकामं ठेवून जिद्द धरली की तीन वाजता चिडचिड होते आणि सुट्टीच्या दिवशी सगळी कसर भरून निघते. फरक पडला तो पाळीवर निघण्याआधी पोटभर जेवायला लागल्यावर. आमच्या मेसच्या काकू म्हणाल्या होत्या, "बाळा, पोळ्या नको मागूस, ज्वारीची भाकरी घे. रात्रभर दम धरेल." भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, पालेभाजी, कच्चा कांदा, ताक. हे जेवण भराभर गिळताच येत नाही, दर घासाला चावावं लागतं. हळूहळू तीनची ट्रॉली नुसती चहाची झाली. तलफ मेली नाही, पण तिची दादागिरी संपली.

याला आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना दोन आठवडे पाकीटबंद, अतिप्रक्रियायुक्त खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं दिलं. समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश आणि चोथा यांचं प्रमाण सारखं, हवं तेवढं खायची मुभा. 2019 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की अतिप्रक्रियायुक्त खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. चवीला मात्र दोन्ही जेवणं त्यांना सारखीच आवडली होती. म्हणजे सगळा दोष जिभेच्या माथी मारता येत नाही.

दुसरा दोषी झोप. शिकागो विद्यापीठातल्या 2004 च्या प्रयोगात 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा भूक चाळवणारं घ्रेलिन वाढलं, तृप्ती सांगणारं लेप्टिन घटलं आणि गोड, खारट, पिठूळ पदार्थांची ओढ वाढली. रात्रपाळीवाल्याची अवस्था याहून वेगळी नसते.

म्हणून पाळीत काम करणाऱ्यांना सांगतो:

मुख्य जेवण पाळीआधी घ्या. रूमवर स्वयंपाक जमत नसेल तर पोळी-भाकरी केंद्रातून भाकरी आणा. मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली की मोड आपोआप येतात.

खिशात फुटाणे आणि शेंगदाणे ठेवा. चहा सोडू नका, साखर थोडी थोडी कमी करत जा.

'मल्टीग्रेन' लिहिलेल्या पुड्याला भुलू नका. मागची घटकांची यादी वाचा. ज्याचं वजन सर्वांत जास्त, ते पहिलं लिहिलेलं असतं. पहिला मैदा आणि पाठोपाठ साखर दिसली की समजून घ्या.

कडधान्यं एकदम वाढवू नका, पोट फुगतं. पाणी भरपूर प्या. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणात मोठा बदल करू नका, साखर अचानक उतरू शकते.

खिडकीला जाड पडदा लावा, फोन लांब ठेवा आणि सलग झोपा.

सणाची पुरणपोळी खुशाल खा. वैर तिच्याशी नाही, रोजच्या पुड्याशी आहे.

शेवटचं सांगणं कँटीन समितीवरच्या मित्रांना. मोठ्या कारखान्यात कँटीन हवं आणि त्याच्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत, ही तरतूद 1948 च्या कारखाने कायद्यापासूनची आहे. पुढच्या बैठकीत एवढंच मागा: रात्रीच्या ट्रॉलीवर बिस्किटांशेजारी उकडलेले हरभरे आणि केळी ठेवा. समोर असेल तेच हातात येतं.