गाय आपणहून धारेला येते

मुलांनो, गाईची धार काढताना तुम्ही पाहिले आहे का? गवळी पहाटे बादली घेऊन गोठ्यात जातो. तो गाईची कास धुतो आणि दोन्ही हातांनी धार काढू लागतो. संध्याकाळी पुन्हा तेच काम. घरात लग्न असो की आजारपण, धार चुकवता येत नाही. ईदच्या दिवशीही गवळ्याला आधी गोठा गाठावा लागतो.

युरोपात नेदरलँड्स नावाचा एक लहान देश आहे. तेथे दुधाचा धंदा मोठा आहे, पण मजुरी फार महाग. १९९२ साली तेथील गोठ्यात धार काढणारा यंत्रमानव आला. यंत्रमानव म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे लोखंडी माणूस उभा राहील. हा तसा नाही. गाय उभी राहील एवढा एक कप्पा आणि त्यात एक लांब यांत्रिक हात, एवढेच त्याचे रूप!

गाईला तेथे कोणी हाकत नाही. कप्प्यात खुराक मिळतो, म्हणून ती आपणहून आत शिरते. नव्या गाईला मात्र काही दिवस सवय लावावी लागते. तिच्या गळ्यातील पट्ट्यावरून संगणक तिला ओळखतो. तिची धार नुकतीच काढलेली असेल, तर खुराक मिळत नाही. फाटक उघडते आणि तिला बाहेर जावे लागते. काही लबाड गाई तरीही पुन्हा पुन्हा येऊन पाहतात!

धारेची वेळ झाली असेल, तर यांत्रिक हात कासेखाली सरकतो. सड धुतले जातात. लेसर किरणांच्या मदतीने यंत्र प्रत्येक सडाची जागा शोधते आणि चारही सडांना एकेक कप लावते. ज्या सडाचे दूध संपते, त्याचा कप आधी निघतो.

हे यंत्र दूध तपासतेसुद्धा. कासेला सूज येण्याचा एक रोग आहे. आपले शेतकरी त्याला दगडी म्हणतात. या रोगात दुधातील मीठ वाढते, त्यामुळे त्यातून वीज अधिक सहज वाहते. यंत्र हा फरक मोजते आणि शेतकऱ्याला लगेच कळवते. अनुभवी गवळ्याला हीच गोष्ट गरम कासेला हात लावताच समजते.

असे एक यंत्र सुमारे ६० गाईंची धार काढू शकते. ते अतिशय महाग असते. ज्याच्या दारात दोनच जनावरे आहेत, त्याने ते घेऊन काय करावे? त्याचे दोन हातच त्याला पुरेसे आहेत.

नेदरलँड्सचा शेतकरी आता पहाटे संगणकासमोर बसतो. कोणत्या गाई धारेला आल्या नाहीत, त्यांची यादी तो पाहतो. मग बूट घालून गोठ्यात जातो. ती गाय लंगडते आहे का, तिला ताप आहे का, की ती नुसतीच आळसाने बसली आहे, हे त्याला जवळ जाऊनच पाहावे लागते.