कोरणे, ओतणे आणि थर चढविणे

कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील विहार बांधलेले नाहीत, कोरलेले आहेत. नको तो खडक छिन्नीने काढला आणि उरली ती पोकळी भिक्खूंचा निवास झाली. निर्मितीची ही एक रीत. दुसरी रीत किर्लोस्करवाडीची. औंध संस्थानच्या माळावर १९१० साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यात वितळलेले लोखंड साच्यात ओतून नांगराचे भाग घडू लागले. तिसरी रीत थरावर थर चढविण्याची. विटांचा स्तूप असाच वाढतो. हेच काम आज यंत्र संगणकाच्या आज्ञेने करते. त्यास थ्री-डी प्रिंटिंग म्हणतात. ही तिसरी रीत अवकाशात का हवी, ते आम्ही येथे मांडीत आहोत.

अडचण अग्निबाणातील जागेची आहे. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा. तो मावेना, म्हणून घडी घालून २५ डिसेंबर २०२१ रोजी पाठवावा लागला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १०९ मीटर लांब. त्याचे भाग १९९८ पासून एकेक करून वर नेले आणि रोबोटच्या हातांनी व अंतराळवीरांनी जोडले. शिवाय उड्डाणाचे हादरे काही मिनिटांचेच, पण ते सोसावेत म्हणून प्रत्येक भाग भक्कम आणि जड करावा लागतो. कक्षेत वस्तूला स्वतःचे वजन पेलावे लागत नाही. तेथे सडपातळ तुळईही पुरते. मग खालून केवळ कच्चा माल न्यावा आणि तुळई रोबोटने वरच घडवावी, असा हा विचार आहे.

प्रगती मात्र सावकाश आहे. स्थानकात प्लास्टिकची पहिली वस्तू नोव्हेंबर २०१४ मध्ये छापली गेली. धातूची, युरोपीय यंत्रावर, २०२४ मध्ये. त्या यंत्रात पोलादाची तार वापरली, कारण धातूची पूड तेथे थरात बसून न राहता तरंगू लागते. उपग्रहाने दहा मीटरची तुळई स्वतःच छापीत बाहेर काढावी, ही नासाची २०१९ ची योजना २०२३ मध्ये उड्डाणाविनाच आटोपली. अवकाशातील कारखान्यांची रंगीत चित्रे छापणारे हे सहसा सांगत नाहीत.

जमिनीवर इस्रोने ही रीत आत्मसात केली आहे. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे छापील इंजिन ९ मे २०२४ रोजी महेंद्रगिरी येथे ६६५ सेकंद चालविले. पूर्वीच्या १४ भागांचा एकच भाग झाला, १९ सांधे गेले आणि ५६५ किलो धातूऐवजी १३.७ किलो पूड पुरली.

यंत्राला नाकारणाऱ्या गांधीवादाचा बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात समाचार घेतला होता. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीविना संस्कृती नाही. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा, असे त्यांचे प्रतिपादन होते. आम्हांस ते येथे फार महत्त्वाचे वाटते. ज्यांच्या हाती हातोडा होता त्यांना या देशात अक्षर नाकारले गेले. रोबोटचा हात चालविणाऱ्याला मात्र धातूही कळावा लागतो आणि गणितही. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनी हे दोन्ही आताच शिकावे.

आगाशिवच्या सहलीत प्रत्येकाने एका खोलीची लांबी, रुंदी व उंची मोजून काढलेल्या खडकाचे घनफळ काढावे. त्याच मापाच्या खोलीच्या वीतभर जाडीच्या भिंती थर चढवून उभारायच्या तर किती माल लागेल, हा हिशेबही वर्गात आणावा.